सेटिंग्ज सक्सेसफुली सेव्ह्ड

राउटरच्या पोटाला एक स्टिकर चिकटवलेला असतो. त्यावरचा सगळा मजकूर महत्त्वाचा असतो, म्हणूनच बहुधा तो कोणालाही वाचता येणार नाही इतक्या बारीक टायपात छापतात. वाचायचा तर राउटर उलटा करावा लागतो. उलटा केला की मागची एखादी वायर सैल होते आणि वायर सैल झाली की घरातल्या निरनिराळ्या खोल्यांतून एकाच सुरात "नेट गेलं का?" अशी हाक येते. 'हो' म्हणावं तर कारण सांगावं लागतं, 'नाही' म्हणावं तर कोणी विश्वास ठेवत नाही. तेव्हा शहाण्याने राउटरच्या खाली मोबाईल सरकवून स्टिकरचा फोटो काढावा आणि तो दोन बोटांनी मोठा करून वाचावा. तिथे एक पत्ता मिळतो: १९२.१६८.१.१, नाहीतर त्याचा सख्खा भाऊ १९२.१६८.०.१. खाली युजरनेम 'ॲडमिन'. पासवर्डही पुष्कळदा 'ॲडमिन'च. एवढी गुप्तता पाळून शेवटी हे.

त्या पत्त्यावर गेलं की राउटरचं स्वतःचं पान उघडतं. बहुतेक माणसं जन्मात तिकडे फिरकत नाहीत आणि सुखात असतात. मला जावं लागलं ते ताईमुळे. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मी सगळ्या खानदानाचे फोटो स्कॅन करून ठेवले आहेत. सहली, शाळेचे ग्रुप फोटो, आणि ज्यांची नावं आता कोणालाच आठवत नाहीत पण जी प्रत्येक फोटोत मध्यभागी उभी आहेत अशी काही माणसं. ताईला ते तिच्या घरी बसून बघायचे होते. मोबाईलवरून एकेक पाठवले तर वाटेत ते इतके आक्रसतात की त्यातली आजी ओळखायला आजी आधीपासून माहीत असावी लागते. सगळं उचलून कुठल्या तरी कंपनीच्या ढगात ठेवावं, हे मला पटत नाही. आपली माणसं आपल्याच घरात बरी. ताईचा मुलगा शिकायला बाहेर असतो, त्याला यातलं कळतं. मी भाच्याला फोन लावला.

"मामा, सोपंय," तो म्हणाला. "पोर्ट फॉरवर्ड कर."

कॉम्प्युटरमधली सोपी कामं नेहमी फोनच्या दुसऱ्या टोकाला असतात.

पोर्ट फॉरवर्ड म्हणजे काय हे समजून घ्यायला मला मागे जावं लागलं, तेही बरंच मागे. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला पत्ता हवा. तो किती लांब असावा यावर सत्तरच्या दशकात तज्ज्ञांचा बराच काथ्याकूट झाला आणि अखेर ३२ बिट, म्हणजे शून्य किंवा एक अशा ३२ खुणा, ठरले. एका प्रयोगाला तेवढे पुरतील असं तेव्हा वाटलं होतं, हे इंटरनेटच्या जनकांपैकी एक, व्हिंट सर्फ यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे. १९८१ च्या सप्टेंबरात ते कायम झाले. ३२ बिटांत एकूण ४२९ कोटींच्या आसपास पत्ते बसतात. एका घरात दिवासुद्धा नेटला जोडला जाईल हे त्या मंडळींना कोणी सांगितलं असतं, तर त्यांनी सांगणाऱ्यालाच आधी तपासायला नेलं असतं.

पत्ते संपणार हे नव्वदच्या सुरुवातीलाच दिसू लागलं. मग १९९४ च्या मे महिन्यात 'नॅट' नावाची युक्ती निघाली: घरात कितीही यंत्रं असोत, बाहेर पत्ता एकच दाखवायचा. ती मांडणाऱ्या कागदात, हा अल्पकालीन उपाय आहे, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. जगात अल्पकालीन उपायाइतकं दीर्घायुषी काही नाही. पुढे १९९६ च्या फेब्रुवारीत घरात वापरायचे खासगी पत्ते पक्के केले गेले. १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ चे. पहिल्या गटात १,६७,७७,२१६ पत्ते आहेत. आमच्या घरात माणसं चार आणि चालू स्थितीतला लॅपटॉप एक, पण हवं तर मी ते सगळेच्या सगळे वापरू शकतो. कोणाची परवानगी लागत नाही. फक्त त्यांतला एकही घराबाहेर चालत नाही.

आत खासगी पत्ते, बाहेर एकच पत्ता, आणि मध्ये राउटर. त्याचं काम आवक-जावक सांभाळणाऱ्या कारकुनाचं. घरातून काही बाहेर गेलं की तो जावक वहीत नोंद करतो: कोणी पाठवलं, कोणाला, कुठल्या क्रमांकाच्या खिडकीतून. उत्तर आलं की वही उघडून ज्याचं त्याला नेऊन देतो. आणि ज्याची जावक नोंदच नाही असं काही बाहेरून आपण होऊन आलं, तर ते निमूट केराच्या टोपलीत. पाठवणाऱ्याला उत्तर नाही, घरच्यांना सूचना नाही. म्हणजे आपण दिवसभर जगभर हिंडू शकतो, पण जगातून सख्खी बहीण आत येऊ शकत नाही. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्या कारकुनाला दिलेला लेखी हुकूम, की अमुक खिडकीवर काही आलं तर वही न चाळता ते थेट कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरच्या टेबलावर नेऊन ठेव.

या खिडक्या म्हणजेच पोर्ट, आणि ती ६५,५३५ आहेत. साध्या वेबपानांसाठी ८०, कुलूपबंद पानांसाठी ४४३. बावीस क्रमांकाची गोष्ट तर मला फारच आवडली. १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी एसएसएच नावाचा सुरक्षित मार्ग तयार केला. जुने असुरक्षित मार्ग २१ आणि २३ वर बसले होते, मधला २२ मोकळा होता. त्यांनी क्रमांक वाटणाऱ्या संस्थेला एक ईमेल पाठवली, मला २२ मिळेल का? दुसऱ्या दिवशी मिळाला. एका माणसाला एका ईमेलवर साऱ्या जगासाठी पोर्ट मिळालं, आणि मला माझ्याच घरात एक उघडता येत नव्हतं.

कंपनीने बसवून दिलेल्या डब्यात पोर्ट फॉरवर्डिंगचं पान होतं, पण त्यातल्या सगळ्या चौकटी करड्या. दिसतात, दाबता येत नाहीत. "तो लॉक्ड असतो," भाचा म्हणाला. "स्वतःचा राउटर घे आणि त्याच्या मागे लाव."

स्वतःचा राउटर आला, त्याच्या मागे लावला, आणि घरातलं नेट बंद पडलं. कंपनीचा डबा १९२.१६८.१.१, माझा नवा राउटरही १९२.१६८.१.१. बाहेरही तेच, आतही तेच. आता कारकुनाने आवक कशाला म्हणायचं आणि जावक कशाला? निर्मात्यांचंही कौतुक वाटतं. निवडायला एवढे कोट्यवधी खासगी पत्ते मोकळे असताना सगळ्यांनी मिळून तेच दोन-तीन पत्ते पसंत केले.

"मामा, तुझ्या राउटरचा लॅनचा, म्हणजे घरातल्या बाजूचा पत्ता बदल. १९२.१६८.५०.१ दे. पन्नास कोणी घेत नाही."

राउटरचा पत्ता बदलणं हे बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवण्याचं काम आहे, आणि तेही पान स्वतःच करायला लावतं. १९२.१६८.१.१ या पत्त्यावर बसून आपण लिहायचं, की यापुढे हा पत्ता नाही. 'सेव्ह' दाबलं. एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकू लागली. वीस टक्के, साठ टक्के, शंभर टक्के. 'सेटिंग्ज सक्सेसफुली सेव्ह्ड.' शेजारी हिरवी टिकमार्क. आणि मग काहीच नाही. पांढरं पान गोल गोल फिरत राहिलं, कारण ब्राउझर अजून जुन्या पत्त्यावरच दार ठोठावत होता आणि तिथलं बिऱ्हाड हललेलं होतं. लॅपटॉपलाही ही बातमी नव्हती. तो आपला जुना पत्ता छातीशी धरून होता. त्याचं वायफाय बंद करून चालू केल्यावर त्याने नवा पत्ता घेतला. नवं पान उघडलं आणि नेट आलं.

प्रिंटर मात्र गेला. कोणे एके काळी कोणी तरी त्याला १९२.१६८.१.५० हा पत्ता कायमचा लिहून दिला होता आणि प्रिंटर ही जात दिलेल्या शब्दाला जागणारी. सगळं घर पन्नासच्या गल्लीत राहायला आलं, हा एकटा जुन्या जागी. लॅपटॉप सांगायचा 'ऑफलाइन', प्रिंटरच्या पडद्यावर मात्र 'रेडी'. त्या दोन ओळींच्या पडद्यावर बाणांची बटणं दाबून त्याचा पत्ता बदलणं हा एक वेगळाच लेख आहे, तो मी लिहिणार नाही.

आता कोपऱ्यातला कॉम्प्युटर. हुकूमनाम्यात त्याचा पत्ता लिहायचा, तर तो पत्ता पक्का हवा. राउटर पत्ते भाड्याने देतो. ठरलेल्या मुदतीने भाडेकरार संपतो आणि कॉम्प्युटर पुष्कळ वेळ बंद राहिला तर पुढच्या वेळी वेगळाच पत्ता हाती पडू शकतो. म्हणून 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' नावाच्या पानावर जाऊन, हा पत्ता याच यंत्राचा, अशी नोंद करायची. ती यंत्राच्या मॅक पत्त्यावर होते. बारा अक्षर-अंकांचा तो क्रमांक कारखान्यातून येतो आणि त्याचा पहिला अर्धा भाग निर्मात्याची ओळख सांगतो.

त्या यादीने घरात संशयाचं वातावरण पसरवलं. आमच्या नेटवर कोण कोण आहे हे प्रथमच सगळ्यांसमोर आलं. एक टीव्ही, काही मोबाईल, एक 'अननोन', दुसरा 'अननोन', आणि 'एस्प्रेसिफ' नावाचा कोणी इसम. "हा कोण?" बायकोने विचारलं. मलाही माहीत नव्हतं. वायफाय चोरतोय, पासवर्ड बदला, असा ठराव झाला. तेवढ्यात तिने झोपायच्या खोलीतला मोबाईलवरून चालणारा दिवा भिंतीवरच्या बटणाने बंद केला आणि यादीतून एस्प्रेसिफ नाहीसा झाला. बटण चालू, हा हजर. दिव्यातली चिप बनवणाऱ्या कंपनीचं नाव होतं ते. एक 'अननोन' म्हणजे मुलीचा मोबाईल निघाला. हल्लीचे मोबाईल खासगीपणासाठी प्रत्येक नेटवर्कला बनावट मॅक पत्ता सांगतात. चांगली सोय आहे, पण बापाच्या घरातही खोटं नाव सांगावं लागावं? दुसरा 'अननोन' अजून 'अननोन' आहे. आम्ही त्याच्याशी जुळवून घेतलं आहे.

कॉम्प्युटरला १९२.१६८.५०.२० हा पत्ता कायमचा मिळाला. हिरवी टिकमार्क.

मग मुख्य पान. ते कुठे असतं हे प्रत्येक निर्मात्याने आपल्या मर्जीने ठरवलेलं आहे. कोणी त्याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतो, कोणी व्हर्च्युअल सर्व्हर, आणि कोणाकडे ते 'ॲप्लिकेशन्स अँड गेमिंग' या मथळ्याखाली असतं. तिथे आजोबांचे फोटो ठेवायला जाताना जरा संकोच वाटतो. फॉर्म छोटा आहे. बाहेरचं पोर्ट, आतलं पोर्ट, आतला पत्ता, आणि प्रोटोकॉल: टीसीपी, यूडीपी की दोन्ही? टीसीपी पाठवलेलं पोचलं का याची पोच घेतो आणि पोचलं नसेल तर पुन्हा पाठवतो. यूडीपी पाठवतो आणि विसरतो. आमच्या कुटुंबात दोन्ही स्वभावाची माणसं असल्याने मी 'दोन्ही' निवडलं. सेव्ह. सक्सेसफुली.

इथे मला त्या हिरव्या खुणेबद्दल शंका येऊ लागली. म्हणून मुद्दाम एक नवा नियम केला आणि त्यात १९२.१६८.५०.२४३ हा पत्ता लिहिला. त्या पत्त्यावर आमच्याकडे कोणी राहत नाही. सक्सेसफुली सेव्ह्ड. कारकून लिहून घेतो. टेबल आहे का, टेबलाशी कोणी बसलंय का, हे त्याने विचारायचं नसतं. नियम कागदावर उतरला, एवढंच त्या टिकमार्कचं म्हणणं. पुढच्या सगळ्या मनस्तापाचं मूळ इथेच आहे, असं माझं ठाम मत आहे. जे यंत्र कधी 'नाही' म्हणत नाही, त्याच्याशी भांडणार तरी कसं?

नियम लागू झाला का हे घरातून तपासता येत नाही. आपल्याच घराचा बाहेरचा पत्ता घरातून टाकला तर बहुतेक राउटर गोंधळतात. माझ्या राउटरने त्याचं स्वतःचं लॉगिन पान समोर ठेवलं. बघायचं तर बाहेरच्या नजरेने बघायला हवं, म्हणजे मोबाईलचं वायफाय बंद करून. आमच्या घरात मोबाईलला रेंज फक्त जिन्यात येते. तेव्हा मी जिन्यात उभा, हातात मोबाईल, आणि पुन्हा पुन्हा स्वतःच्याच घराचा पत्ता टाकतोय. शेजारचे काका वर येत होते.

"किल्ली विसरलात का?"

"नाही. बाहेरून आत शिरता येतंय का, ते बघतोय."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग आमच्या सताड उघड्या दाराकडे पाहिलं, आणि ते वर निघून गेले.

पोर्ट बंद. भाचा म्हणाला, कंपनीचा डबा मध्ये बसलाय ना, तोही कारकूनच. एकामागे एक दोन कारकून झाले. त्याला ब्रिज मोडमध्ये टाकायला सांग, म्हणजे तो नुसता वाटेतला पाइप होईल. ते आपल्या हातात नसल्याने कंपनीला फोन करणं आलं.

"सर, राउटर रीस्टार्ट केला का?"

"केला."

"सर, गुगल ओपन होतंय का?"

"होतंय."

"मग आपलं नेट चालू आहे, सर."

"मला बाहेर जायला काही अडचण नाहीये हो. बाहेरच्याला आत यायचंय."

"कोणाला, सर?"

"ताईला."

पलीकडे थोडा वेळ फक्त कीबोर्डचा आवाज आला. मग, "सर, मी इंजिनिअरला पाठवतो."

इंजिनिअर आला, त्याने स्पीड टेस्ट लावली आणि काटा चढत असताना माझ्याकडे अभिमानाने पाहिलं. मी ब्रिज मोड म्हणालो. त्याने कोणाला तरी फोन केला आणि ब्रिज मोड झाला. एवढी वर्षं झाली तरी मला कळलेलं नाही, की जे काम फोनवरून होतं ते बघायला माणूस घरी का यावा लागतो. पण माणूस सज्जन होता.

पुन्हा जिना. पुन्हा बंद.

कॉम्प्युटरचं फायरवॉल, म्हणजे त्याचा स्वतःचा पहारेकरी, पाहिलं. त्याने आमच्या घराला 'पब्लिक नेटवर्क' ठरवलं होतं, म्हणजे एखाद्या प्रतीक्षागृहाच्या योग्यतेचं. त्याला समजावून घर 'प्रायव्हेट' करून घेतलं. फोटो दाखवणारा प्रोग्रॅम चालू आहे का ते पाहिलं. चालू होता. शेजारच्या खोलीतून पान उघडत होतं, जिन्यातून उघडत नव्हतं. पोर्ट तपासणाऱ्या वेबसाइट एका शब्दात सांगत होत्या, 'क्लोज्ड'. का, ते कोणी सांगत नाही. सगळ्या टिकमार्क हिरव्या आणि दार बंद.

शेवटी भाच्याने एक प्रश्न विचारला, जो खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवा होता: "मामा, राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता, काय लिहिलाय?"

"शंभर पॉइंट बहात्तर..."

"अरेच्चा," तो म्हणाला. यंत्राच्या बाबतीत तरुण माणूस 'अरेच्चा' म्हणाला की समजावं, आता पैसे जाणार.

झालं होतं असं. पत्ते खरोखरच संपले. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे पाच मोठे गठ्ठे पाच विभागांच्या संस्थांना वाटून कोठार रिकामं झालं. मग २०१२ च्या एप्रिलमध्ये कंपन्यांसाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते राखून ठेवले गेले. ते जगाचे नाहीत आणि घरचेही नाहीत, मधल्या मजल्यावरचे आहेत. घरोघरी जे चालतं तेच कंपनी गावभर करते: शेकडो घरं एका बाहेरच्या पत्त्यामागे. माझ्या कारकुनाच्या वर आणखी एक बडे बाबू बसले होते. मी खाली कितीही लेखी हुकूम काढले तरी ताईचा कागद वरच्या वर टोपलीत जात होता आणि माझ्या कारकुनापर्यंत कधी पोचतच नव्हता. तो बिचारा इतके दिवस खिडकी उघडून, हिरवी टिकमार्क लावून वाट बघत होता.

यावर खरा उपाय १९९५ च्या डिसेंबरातच लिहिला गेला होता. आयपीव्ही६, १२८ बिटांचे पत्ते, प्रत्येक यंत्राला स्वतःचा. माझ्या राउटरमध्ये त्या नावाचं एक पान आहेसुद्धा. त्यावर 'डिसेबल्ड' असं लिहिलेलं आहे. ते चालू करू का विचारलं तर भाचा म्हणाला, "त्यात आत्ता नको पडूस." तीस वर्षं सगळे एकमेकांना हेच सांगत असावेत.

कंपनीकडून जगजाहीर, कायमचा पत्ता जादा शुल्क भरून मिळतो. फॉर्म भरायचा असतो आणि त्यात 'कारण' असा रकाना असतो. मी 'बहिणीला फोटो दाखवणे' असं लिहिलं. ते मंजूर झालं. कोणी वाचलं असेल असं वाटत नाही.

जिन्यात गेलो. पत्ता टाकला. आणि मोबाईलवर आमचे आजोबा उघडले. १९६१ साली एका मोटारीला टेकून उभे, मोटार दुसऱ्याची. मी तिथेच ओरडलो. वरच्या मजल्यावरचं एक दार हळूच बंद झाल्याचा आवाज आला.

त्या रात्री मी लॉगचं पान उघडलं, केवळ ताईची पहिली नोंद बघावी म्हणून. ताई अजून आलीच नव्हती. बाकी सगळे येऊन गेले होते. कुठकुठल्या देशांतून न बोलावलेली मंडळी खिडकीशी येऊन नावं सांगत होती: रूट, ॲडमिन, टेस्ट, गेस्ट. कोणी माणूस नव्हे, सगळी यंत्रं. जगातले सगळे पत्ते ओळीने ठोठावत जाणं एवढंच त्यांचं काम, आणि एकूण पत्ते जेमतेम सव्वाचारशे कोटी असल्याने त्यांची फेरी फार लवकर पूर्ण होते. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने कारखान्यातले साठेक ठरलेले युजरनेम-पासवर्ड आळीपाळीने लावून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांच्या जोरावर मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडण्यात आल्या. स्टिकरवरचं ते 'ॲडमिन, ॲडमिन' माझ्या डोळ्यांसमोर आलं. माझ्या राउटरचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदललेला होता, तरी उठून पुन्हा बदलला. मग तो नियमच पुसला. इतक्या खटपटीने उघडलेली खिडकी मी स्वतःच्या हाताने बंद केली. हे पुसतानाही हिरवी टिकमार्क आली.

"बरोबर केलंस," भाचा म्हणाला. "तसंही आपण वायरगार्डच लावणार होतो." हे 'आपण' आणि 'होतो' मला नवीन होतं.

वायरगार्ड म्हणजे घरापासून ताईच्या लॅपटॉपपर्यंत कुलूपबंद बोगदा. त्यालाही एक पोर्ट लागतंच, सहसा यूडीपी ५१८२०, पण त्याचा स्वभाव मला पटला. योग्य किल्ली नसलेला कोणी आला तर तो उत्तरच देत नाही. नकारही नाही. बाहेरच्याला कळतच नाही की इथे कोणी राहतं. यूडीपीचा एक नियम केला, किल्ल्यांची अदलाबदल केली, ती ताईला समजावून देण्यात एक रविवार गेला आणि तो मी पुन्हा आठवणार नाही. अखेर तिच्या पडद्यावर 'कनेक्टेड' आलं.

"आता ब्राउझरमध्ये लिही," मी फोनवर म्हटलं. "१९२.१६८.५०.२०."

"उघडलं!"

"दिसतात का फोटो?"

"फोटो नाहीत रे. एक यंत्र काढलंय. काळी शाई बारा टक्के राहिली आहे असं म्हणतंय."

आम्ही भाच्याला फोनवर तिसरा घेतला. त्याला कळायला वेळ लागला नाही, कबूल करायला लागला. सुट्टीत घरी आला असताना त्याने आईलाही राउटर लावून दिला होता आणि त्यालाही १९२.१६८.५०.१ हाच पत्ता दिला होता. कारण पन्नास कोणी घेत नाही. बोगदा ठणठणीत चालू होता, पण ताईच्या लॅपटॉपच्या मते ५०.२० म्हणजे तिच्याच घरातलं कोणी तरी. मग तो कशाला उगाच बोगद्यात शिरतोय? त्याने शेजारच्या टेबलावरचा तिचा प्रिंटर दाखवला.

"मामा, तू तुझा पत्ता बदल ना. एक्कावन्न कर. एक्कावन्न तर खरंच कोणी घेत नाही."

मी म्हटलं, माझा प्रिंटर आत्ता कुठे सापडलाय. आणि मला आधी सांग, हा पन्नास तू आणखी कोणाकोणाच्या घरी दिला आहेस?

त्यावर तो काही बोलला नाही. ताईने मात्र तत्परतेने माहिती पुरवली, की धाकटीकडचा राउटरही यानेच लावून दिलाय, आणि हो, फोटो तिलाही बघायचे आहेत.